बसलेल्या बाईचं स्थितिपत्रक

स्थितिपत्रक भरायची पद्धत सोपी आहे. एकाने वस्तूकडे बघायचं आणि बोलायचं, दुसऱ्याने कागदाकडे बघायचं आणि लिहायचं. कागदावर वस्तूची आकृती छापलेली असते, पुढून आणि मागून. तडा, टवका, डाग, जे काही दिसेल ते आकृतीवर त्याच जागी लाल पेन्सिलीने काढायचं आणि खाली दोघांनी सही करायची. लाल पेन्सिल अशासाठी, की ती सहजी खोडली जात नाही. आमच्या संग्रहालयात मी चौतीस वर्षं नोंदणी कारकून होतो. त्यातली बहुतेक वर्षं दोन्ही कामं मी एकट्यानेच केली, कारण दुसरा माणूस कधी मंजूरच झाला नाही. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यात चूक नेमकी कुठे झाली, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

संग्रहालयात तीन दालनं आणि जिन्याखाली एक गोदाम. मधल्या दालनात उत्तरेच्या खिडकीसमोर ‘बसलेली बाई’ असायची. गावात सगळे तिला हेच म्हणत. मांडी घालून बसलेली, हात गुडघ्यांवर, मान किंचित डावीकडे, कोणीतरी हाक मारल्यावर वळावं तशी. पण ती खरी नव्हती. खरी, काळ्या दगडाची, गावाबाहेरच्या टेकडीवर सापडली होती, आणि नव्वद वर्षांपूर्वी परक्या फौजेने जाताना ती गाडीत घालून नेली. पुढे त्यांच्या संग्रहालयाने तिच्यावरून साचा काढून प्लास्टरची एक नक्कल आम्हाला पाठवली, सोबत नम्र पत्र. ‘मूळ मूर्ती आमच्याकडे सुरक्षित आहे, काळजी नसावी.’ ते पत्रही आम्ही काचेखाली लावलं होतं. आमच्या गावाचा स्वभाव असा आहे.

नकलेचं स्थितिपत्रक मी दर वर्षी भरत असे. तिच्यावर तीन खुणा होत्या. डाव्या डोळ्याखालून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत एक बारीक तडा. तो माझा. नोकरीच्या पहिल्याच वर्षी माझ्या हातून शिडी घसरली, मी घाईघाईने तो तडा बुजवला आणि कोणाला बोललो नाही. दुसरी खूण उजव्या गुडघ्यावरचा नाण्याएवढा टवका. आणि मानेवर मागे सात छिद्रं, टाचणीने टोचल्यासारखी. प्लास्टर ओतताना आत हवेचे बुडबुडे राहिले की अशी छिद्रं पडतात. डोळे मिटून मला या खुणा काढता आल्या असत्या.

आता दादाबद्दल. तो माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. लहानपणी लोक मला त्याची नक्कल म्हणत. तेच नाक, तीच उंची, पण कुठेतरी काहीतरी राहून गेलेलं. तो भिंतीवरून उडी मारून पलीकडे गेला. मी त्याच्यामागून मारली आणि हनुवटी फोडून घेतली. तो शिष्यवृत्ती घेऊन परदेशी गेला. मी गावात राहिलो. माझ्या बायकोचं स्थळही आधी त्याला सांगून आलं होतं. त्याने पत्राने नकार कळवला, मग मोठ्या माणसांनी आपसांत बोलून माझं नाव पुढे केलं. हिने कधी तसं बोलून दाखवलं नाही. चाळीस वर्षांत एकदाही नाही. कधीतरी बोलली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटतं.

तिकडे प्राध्यापक झाल्यावर दादाने बसलेल्या बाईचा विषय धरला. वीस वर्षं पत्रं, लेख, भाषणं. शेवटी ते लोक कबूल झाले. अट एकच होती. मूर्ती आल्यापासून तीस दिवसांनी त्यांचं माणूस येऊन तपासणी करील, आणि त्यांच्याकडून निघाल्यानंतर तिला काही इजा झालेली दिसली तर ती परत जाईल. पेटीसोबत स्वतः दादा येणार होता, आणि मला, निवृत्त होऊन चार वर्षं झाली असताना, संचालकबाईंनी मुद्दाम बोलावून घेतलं. “पत्रक तुमच्याइतकं नीट कोणी भरत नाही,” त्या म्हणाल्या. खरं म्हणजे दुसरं कोणी भरतच नव्हतं.

आदल्या दिवशी मी आणि पहारेकरी मामांनी नक्कल उचलून गोदामात नेली. दोन म्हातारे, पण जमलं. प्लास्टर आतून पोकळ असतं.

“खरी आली म्हटल्यावर हिला कोण विचारतंय,” मामा धापा टाकत म्हणाले. “इतकी वर्षं फडकं मारलं हिच्यावर. रागावली असेल हो.”

“प्लास्टर आहे ते, मामा.”

“तेच म्हणतो. आपल्यासारखंच.”

पेटी उघडली तेव्हा दालनात उभं राहायला जागा नव्हती. आठ माणसं आणि साखळीची कप्पी लागली. फळ्या निघाल्या, भुसा निघाला आणि ती दिसली. अंगावर एक ओरखडा नाही. नकलेच्या चेहऱ्यावर नेहमी एक थकवा असायचा; तो तिचा स्वभाव असेल असं मी धरून चाललो होतो. खरीच्या चेहऱ्यावर तो नव्हता. नव्वद वर्षं परक्या घरी काढून आलेली बाई ताजीतवानी होती. लोक टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या. पण मला तिचा राग आला, आणि इतका, की माझं मलाच नवल वाटलं.

मग आम्ही पत्रक भरायला बसलो. दादा बघणार, मी लिहिणार.

“डोकं, ठीक. कान, ठीक,” दादा म्हणाला, आणि तेवढ्यात वार्ताहरांनी त्याला हाक मारली. तो उठला. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “तू भर रे बारक्या. तुला तर पाठ आहे ती.”

मी कागदाकडे बघत होतो. खिडकीपाशी दादाचा आवाज चालू होता, लोक हसत होते. मध्येच ही दिसली, मागच्या रांगेत, नवी साडी नेसून, टाचा उंचावून त्याच्याकडे बघत होती. माझा हात चालत होता. दादा परत आला, त्याने कागदाकडे न बघता सही केली, मी खाली सही केली, आणि संचालकबाईंनी पत्रक फाइलीत ठेवलं.

त्या दिवशी आमच्याकडे पाहुण्यांचे कप निघाले. ते कप लग्नात मिळालेले; माझ्यासाठी ते कधी कपाटातून खाली आले नव्हते.

“भावोजी, अजून थोडं घ्या. काहीच खाल्लं नाहीत.”

“पुरे हो. बारक्याला वाढा.”

“त्यांना सवय आहे,” ही म्हणाली.

मी काय केलं ते मला दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना लक्षात आलं. हनुवटीच्या खोकेवरून वस्तरा जपून नेत होतो आणि पत्रक डोळ्यांपुढे आलं. डोळ्याखालचा तडा. गुडघ्यावरचा टवका. मानेवर सात ठिपके. सवयीने मी नकलेच्या खुणा खरीच्या पत्रकावर काढून ठेवल्या होत्या.

निदान सवयीने, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

संग्रहालय उघडायच्या आत मी तिथे पोचलो. नवं पत्रक भरावं, दादाची सही पुन्हा घ्यावी, चार माणसांत हसं होईल ते होऊ द्यावं, असं ठरवलं होतं. फाइलीतून पत्रक काढलं आणि पडताळायला म्हणून मूर्तीसमोर उभा राहिलो.

डाव्या डोळ्याखालून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत एक बारीक तडा होता.

मी चष्मा पुसला. गुडघा बघितला. मागे जाऊन मानेवरून बोट फिरवलं आणि मोजलं. सात. काल तिच्या अंगावर काही नव्हतं, याची मला खात्री होती. पण खात्री ही गोष्ट मला आयुष्यात फार वेळा झालेली नाही, आणि झाली तेव्हा बहुधा मीच चुकलेलो होतो.

“मामा, ही रेघ काल होती?”

मामांनी वाकून पाहिलं. “असेल की. तुम्ही लिहिलीय ना?”

“लिहिलीय.”

“मग होती.”

मी गोदामात गेलो. नक्कल आम्ही ठेवली तिथेच होती. दिवा तिच्या चेहऱ्याजवळ धरला. मी बुजवलेला तडा, ज्याचा प्रत्येक मिलिमीटर मला माहीत होता, तो तिथे नव्हता. गुडघा गोल आणि गुळगुळीत. मान गुळगुळीत. आणि तिच्या चेहऱ्यावरचा थकवा गेला होता.

त्या दिवशी दुपारी, कोणी नसताना, मी पत्रकावरची डोळ्याखालची रेघ खोडायचा प्रयत्न केला. लाल पेन्सिल ती, गेली नाही. कागद तेवढा झिजून पातळ झाला. दुसऱ्या दिवशी मूर्तीच्या गालाला हात लावला तर तडा तसाच होता, पण आजूबाजूचा दगड भुसभुशीत लागला. बोटाला काळी भुकटी आली. मी बोट रुमालाला पुसलं आणि पुन्हा रबर हातात घेतलं नाही.

दादाला सांगायला हवं होतं. मी गेलोही होतो सांगायला. तो दालनात कॉलेजच्या मुलींना मूर्तीची गोष्ट सांगत होता आणि त्या वहीत उतरवून घेत होत्या.

“दादा, जरा बोलायचं होतं.”

“बोल ना. हा माझा धाकटा भाऊ बरं का. याने इतकी वर्षं आपली डुप्लिकेट सांभाळली.”

मुली हसल्या. वाईट हेतूने नाही.

“काही नाही,” मी म्हणालो. “जेवायला कधी येतोस ते विचारायचं होतं.”

तीस दिवस संपेपर्यंत मी रोज जात राहिलो. मूर्तीत आणखी काही बदललं नाही. ज्याला माहीत नाही त्याला त्या खुणा दिसतही नव्हत्या. मी मात्र दालनातून थेट गोदामात जाई आणि नकलेसमोर स्टुलावर बसे. तिच्याकडे बघून मला बरं वाटे. हे लिहायला जड जातंय, पण खरं आहे ते. चौतीस वर्षांत पहिल्यांदा ती कोणासारखी तरी दिसत नव्हती. ती तीच दिसत होती.

तपासणीला आलेली बाई उंच होती, कमी बोलणारी. तिने आपलं पत्रक टेबलावर पसरलं, दिवा लावला आणि मूर्तीभोवती हळूहळू फिरायला लागली. तिचं बोलणं दादा आम्हाला समजावून सांगत होता. डोळ्यापाशी ती थांबली. मग गुडघ्यापाशी. मानेपाशी मात्र बराच वेळ. तिने भिंग काढलं, पुन्हा बघितलं आणि एकच वाक्य बोलली.

“काय म्हणाल्या?” संचालकबाईंनी विचारलं.

“दगडात बुडबुडे नसतात, म्हणते,” दादा म्हणाला. “आणि म्हणते, पेटी बंद केली तेव्हा यातलं काही नव्हतं.”

संचालकबाईंनी आमचं पत्रक काढलं. त्यावर तिन्ही खुणा होत्या, पेटी उघडल्या दिवसाची तारीख होती आणि खाली दादाची सही होती. पेटी बंद झाली तेव्हा खुणा नव्हत्या, उघडली तेव्हा होत्या, आणि मधल्या सगळ्या प्रवासात पेटीसोबत एकच माणूस होता.

दादाने कागद हातात घेतला. मग माझ्याकडे बघितलं.

“बारक्या, पत्रक तू भरलंस. आल्या दिवशी होत्या या खुणा?”

संचालकबाई बघत होत्या. मामा दारात उभे होते. एवढे सगळे लोक माझ्या उत्तरासाठी थांबले आहेत, असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

“होत्या,” मी म्हणालो.

आठवड्याच्या आत मूर्ती पुन्हा पेटीत गेली. वर्तमानपत्रांत दादाचं नाव वेगळ्या कारणासाठी छापून आलं. तिकडच्या विद्यापीठाचं पत्र आलं, ते त्याने वाचून खिशात ठेवलं. नक्कल गोदामातून वर आणायची होती. मी आणि मामांनी हात घातला, पण ती जागची हलली नाही. शेवटी सहा माणसं बोलवावी लागली.

“ओल धरली असेल,” त्यातला एक म्हणाला.

त्या दिवसापासून मामा तिच्यावर फडकं मारताना तिच्या तोंडाकडे बघत नाहीत.

दादा तिकडे परत गेला नाही. आमच्या आतल्या खोलीत राहिला. मला वाटलं होतं, आता तरी घरात सगळं सारखं होईल. हरलेला माणूस आपल्यासारखाच होतो, असा माझा हिशोब होता. तो चुकला. जिंकलेल्या दादाला पाहुण्यांचे कप मिळत होते; हरलेल्या दादाला हिची सगळी संध्याकाळ मिळायला लागली. ती त्याच्या खुर्चीशेजारी भाजी निवडत बसे. हळू आवाजात काहीतरी सांगत असे. एकदा ती हसली. ते हसू मी ओळखलं नाही, इतकं ते नवीन होतं, आणि मग लक्षात आलं की नवीन नाही, जुनं आहे, माझ्या आधीचं.

“कशाला हसत होतीस?” मी नंतर विचारलं.

“काही नाही हो. असंच. तुम्हाला नाही कळायचं, तुम्ही पुस्तकात होता.”

माझ्या कपाटात कोऱ्या पत्रकांचा एक गठ्ठा उरला होता. त्या संध्याकाळी मी एक काढलं. बसलेल्या बाईची आकृती होती, म्हणून उलटं केलं आणि कोऱ्या बाजूला एक माणूस काढला, पुढून आणि मागून. मला चित्र बरं काढता येत नाही, पण उंची आणि नाक जमलं. वर वस्तूचं नाव लिहायची जागा असते तिथे ‘दादा’ असं लिहिलं. मग लाल पेन्सिलीने हनुवटीवर एक खोक काढली आणि उजव्या हाताची करंगळी वाकडी काढली. माझी करंगळी लहानपणी दारात सापडली तेव्हापासून सरळ होत नव्हती. खाली सही केली. दुसऱ्या सहीची जागा तशीच राहिली.

हे मी गंमत म्हणून केलं, असं म्हणायला मला आवडलं असतं.

सकाळी दादा आरशासमोर उभा होता. अर्ध्या गालाला साबण.

“बारक्या, हनुवटीवर कसली रे ही खूण? माझ्या होती का लहानपणापासून?”

त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं. वस्तरा धरलेल्या हाताची करंगळी बाहेर, वाकडी.

“होती,” मी म्हणालो.

त्याने मान हलवली आणि दाढी करू लागला. त्याचा विश्वास बसला होता. मी न्हाणीघरात जाऊन माझ्या हनुवटीवरून अंगठा फिरवला. गुळगुळीत. करंगळी उघडून पाहिली. साठ वर्षांनी ती बाकीच्या बोटांच्या रांगेत उभी राहिली.

मग मला भीती वाटली. खोडलं तर काय होतं ते मी पाहिलेलं होतं. फाडायचा तर विचारही करवेना. मी तो कागद दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये सपाट ठेवला, वर काही वजन येणार नाही असा, आणि टेबलाच्या खणात ठेवून दिला. रोज काढून बघायचो, कुठे कोपरा मुडपला नाही ना. चौतीस वर्षं वस्तू सांभाळण्याचंच काम केलं होतं. एक कागद सांभाळणं कठीण नव्हतं.

काल दुपारी वाचनालयातून परत आलो. घरात नुकतीच झाडलोट झालेली होती. टेबल स्वच्छ, खण स्वच्छ. पुठ्ठे रद्दीच्या ढिगावर होते.

“खण कोणी आवरला?”

“मी. किती पसारा तो.” ही चहाचं आधण ठेवत होती. “आणि ते चित्र तुम्ही काढलंत होय? माणसाचं, लाल रेघोट्या मारलेलं?”

“कुठे आहे ते?”

“टाकलं नाही हो. तुमच्या त्या जाड पुस्तकात ठेवलंय, खूण म्हणून. मावत नव्हतं, म्हणून चार घड्या घातल्या. चांगल्या नखाने दाबून.”

तिने पाहुण्यांचे तीन कप मांडले आणि आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, “भावोजी, चहा झालाय.”

थोड्या वेळाने पुन्हा मारली.

“झोपले वाटतं,” ती म्हणाली, आणि तिसऱ्या कपावर बशी झाकली.

पुस्तक टेबलावर होतं. मिटलेलं, पण मधोमध थोडं फुगलेलं. मी बघत होतो तेव्हाच ते हळूहळू सपाट होत गेलं.